‘ओप्टिमिस्मुस’ : सर्वोत्तमवाद आणि आशावाद

परभाषेतील एखादे भाववाचक नाम शिकू पाहणाऱ्यास कोशात बहुधा तीन गोष्टी मिळतात : त्याचे लिंग, त्याची विभक्तिरूपे आणि स्वभाषेतील त्याचा प्रतिशब्द. यांपैकी पहिल्या दोन पाठ केल्या म्हणजे काम भागते. तिसरी मात्र पाठ करून भागत नाही. कारण प्रतिशब्द हाती आला की अर्थही हाती आला, असा भ्रम ती निर्माण करते. जर्मन भाषेतील ‘डेर ओप्टिमिस्मुस’ या नामाच्या बाबतीत हा भ्रम विशेष संभवतो. मराठी कोशकार त्यापुढे ‘आशावाद’ असे लिहितो, आणि आजच्या व्यवहारापुरते ते चुकीचेही नाही. परंतु या नामाच्या जन्मकाळी त्यात आशेचा अंश नव्हता, हे त्याचा इतिहास पाहू गेल्यास ध्यानात येते.

प्रथम व्याकरण पाहू जाता, मराठीप्रमाणेच जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत. ‘-इस्मुस’ या प्रत्ययाने संपणारी ‘रेआलिस्मुस’, ‘इडेआलिस्मुस’ यांसारखी मतवाचक नामे पुल्लिंगी असतात. तेव्हा प्रत्येकाचे लिंग निराळे स्मरणात ठेवण्याचे कारण नाही. जर्मनमधील विभक्ती चार. प्रथमेत ‘डेर’, द्वितीयेत ‘डेन’, चतुर्थीत ‘डेम’ आणि षष्ठीत ‘डेस’ असे उपपद बदलत जाते, पण ‘ओप्टिमिस्मुस’ हे नाम स्वतः जसेच्या तसे राहते. सामान्य पुल्लिंगी नाम षष्ठीत ‘स’ किंवा ‘एस’ हा प्रत्यय घेते. दिवस या अर्थाच्या ‘डेर टाग’चे ‘डेस टागेस’ होते. ग्रीक-लॅटिन वळणाचे हे नाम तेवढाही विकार सोशीत नाही. मराठीत याच्या उलट आहे : ‘आशावाद’ला सामान्यरूप आल्याखेरीज ‘आशावादाचा’ म्हणताच येत नाही. उच्चारात आघात तिसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘मिस्’वर पडतो. अनेकवचन व्यवहारात जवळजवळ नाहीच. तसे मत धारण करणारा तो ‘डेर ओप्टिमिस्ट’; हे नाम मात्र प्रथमेच्या एकवचनाखेरीज सर्वत्र ‘ओप्टिमिस्टेन’ असे रूप घेते. समासात अंत्य पदाचे लिंग संपूर्ण शब्दास लागू होते, हा नियम दोन्ही भाषांना समान आहे. आशा स्त्रीलिंगी असली तरी आशावाद पुल्लिंगीच होतो.

हे झाले रूपाविषयी. अर्थाचे मूळ लॅटिन ‘ओप्टिमुम’ या पदात आहे. चांगला या अर्थाच्या ‘बोनुस’ या विशेषणाचे ते तमभावाचे रूप; म्हणजे ‘सर्वांत उत्तम’. यास्तव या नामाचा अक्षरार्थ ‘सर्वोत्तमवाद’ असा होतो. आशा पुढील काळाकडे पाहते. तमभाव तुलना करून निकाल देतो. शब्दाचा पुढील सारा इतिहास या दोन वृत्तींमधील अंतराचा इतिहास आहे.

हा निकाल प्रथम दिला तो गोट्फ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्सने. ‘थेओदिसे’ हा त्याचा फ्रेंच भाषेत लिहिलेला ग्रंथ १७१० साली प्रसिद्ध झाला. ईश्वर सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि कल्याणकारी असेल, तर जगात दुःख व पाप का, हा त्यातील प्रश्न होय. लायप्निट्सचे उत्तर गणितज्ञाचे होते. संभाव्य विश्वे अगणित आहेत; त्यांपैकी एक सर्वोत्तम नसते, तर ईश्वरास निवड करण्यास कारणच उरले नसते; आणि ज्याअर्थी हे विश्व निर्माण झाले आहे, त्याअर्थी तेच सर्वोत्तम होय. यात दुःखाचा इन्कार नाही. उद्या सुख येईल, असे आश्वासनही नाही. विश्वाचा हिशेब पूर्ण झाला असून त्याची बेरीज बरोबर आहे, एवढेच यातील प्रतिपादन आहे.

लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या मतामुळे हा शब्द अस्तित्वात आला, त्या मताच्या प्रवर्तकास तो ठाऊकच नव्हता. लायप्निट्स १७१६ साली निवर्तला. ‘ऑप्तिमिझ्म’ हे फ्रेंच नाम १७३७ साली येशूसंघीयांच्या ‘मेम्वार द त्रेव्हू’ या नियतकालिकात ‘थेओदिसे’चे परीक्षण करताना प्रथम योजले गेले, आणि त्यामागील हेतू गौरवाचा नव्हता. साहित्याच्या इतिहासात अनेक वादांची नावे विरोधकांनीच ठेवलेली आढळतात. हे त्यांपैकीच एक. फ्रेंचमधून ते जर्मनमध्ये आले आणि तेथे त्याने लॅटिन वळणाचा ‘-इस्मुस’ हा अंत धारण केला.

बर्लिनच्या प्रशियन अकादमीने १७५५ सालच्या पारितोषिकासाठी इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याच्या ‘सर्व काही ठीक आहे’ या मताचे परीक्षण हा विषय ठेवला. त्यावर लेसिंग आणि मोझेस मेंडेल्सझोन यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तिकेत, कवीला तत्त्वज्ञ मानून त्याच्या पद्यातून दर्शनपद्धती काढणे कितपत युक्त आहे, असा मूलगामी प्रश्न उपस्थित केला. तो समीक्षेचा प्रश्न होता. त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस असल्याने चर्चमध्ये भाविकांची दाटी होती. बेरीज बरोबर आहे असे म्हणणाऱ्यांपुढे आता प्रेतांची रास होती. व्हॉल्तेअरने प्रथम या आपत्तीवर काव्य लिहिले आणि १७५९ साली ‘कांदीद’ ही कथा प्रसिद्ध केली. ‘ऑप्तिमिझ्म’ हा शब्द त्याने तिच्या उपशीर्षकातच घातला, आणि ही कथा कोणा डॉक्टर राल्फच्या जर्मन लेखनाचा अनुवाद असल्याची बतावणी मुखपृष्ठावर केली. पंडितांच्या वादातील हा शब्द सामान्य वाचकाच्या तोंडी गेला तो असा उपहासाच्या वाटेने.

त्याच १७५९ साली क्योनिग्सबेर्ग येथे तरुण इमान्युएल कांटने ‘ओप्टिमिस्मुस’वर एक लहान निबंध लिहून लायप्निट्सचा पक्ष उचलून धरला. पुढे त्याला हे लेखन आपले म्हणवेना. आणि १७९१ साली त्याने ईश्वराच्या न्यायाचे समर्थन करणारे तत्त्वज्ञांचे सारे प्रयत्न निष्फळ ठरल्याचे प्रतिपादणारा निबंध प्रसिद्ध केला. एकाच लेखकाच्या आयुष्यात हा शब्द प्रतिज्ञेपासून पश्चात्तापापर्यंत पोहोचला.

यानंतरचा आघात शोपेनहौअरचा. १८१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात त्याने या मतास केवळ असंगत ठरवले नाही. दुःखितांच्या यातनांची त्यात विटंबना होते, म्हणून ते अनीतीचे आहे असा दोषारोप केला. १८४४ च्या दुसऱ्या खंडात त्याने लायप्निट्सची युक्ती उलटवून, हे विश्व संभाव्य विश्वांत सर्वांत वाईट असल्याचा पक्ष मांडला. येथे तमभावास तमभावानेच उत्तर मिळाले. ‘पेसिमुस’ म्हणजे ‘सर्वांत वाईट’, यावरून ‘पेसिमिस्मुस’. त्यास मराठीत ‘निराशावाद’ म्हणतात, पण तेथेही मूळ शब्दात आशेचा अभाव नसून अधमतेची परिसीमा आहे. हाच शोपेनहौअर उपनिषदांचा भक्त होता, हे भारतीय वाचकास विदित आहेच. दारा शुकोहच्या १६५७ मधील फार्सी भाषांतरावरून आँकतील-द्यूपेराँने केलेला लॅटिन अनुवाद त्याच्या नित्य वाचनात असे.

कालांतराने ‘ओप्टिमिस्मुस’मधील दर्शन मागे पडून स्वभाव पुढे आला, आणि चांगले घडेल असे मानणारी वृत्ती एवढाच अर्थ रूढ झाला. पण त्या अर्थाची देशी नामे जर्मनमध्ये पूर्वीपासूनच होती : ‘डी होफ्नुंग’ म्हणजे आशा आणि ‘डी त्सुफेर्झिख्ट’ म्हणजे भरवसा. दोन्ही स्त्रीलिंगी, दुसरे तर ल्यूथरच्या बायबलात श्रद्धेच्या व्याख्येतच आलेले. एर्न्स्ट ब्लोख याने नाझी राजवटीमुळे अमेरिकेत परागंदा असताना लिहिलेल्या आणि १९५४ ते १९५९ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या नावात ‘होफ्नुंग’ हेच पद योजले. १९६१ साली ट्यूबिंगेन येथील पहिल्या व्याख्यानात त्याने, आशेचा भंग होऊ शकतो काय, असा प्रश्न घेतला. त्याचे उत्तर होकारार्थी होते. जिचा भंग होऊ शकत नाही ती आशा नव्हे, ती खात्री. आणि लायप्निट्सचा सर्वोत्तमवाद ही खात्रीच होती.

या वादाचा धागा मराठी ग्रंथव्यवहारापर्यंतही येऊन पोहोचतो. लोकमान्य टिळक मंडालेच्या कारावासात जर्मन शिकले आणि तेथेच त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील ‘सुखदुःखविवेक’ या प्रकरणात शोपेनहौअरच्या दुःखाधिक्याच्या मताचा विचार आहे. संसारात दुःख अधिक आहे, म्हणून कर्म सोडावे हा निष्कर्ष टिळकांना मान्य नाही. सोडावयाची ती फलाशा, कर्म नव्हे, हा त्यांचा सिद्धांत. विश्वाची बेरीज सर्वोत्तम आहे किंवा सर्वांत वाईट आहे, यांपैकी कोणताही निकाल हाती नसताना मनुष्याने काय करावे, याचे ते उत्तर आहे. आणि ज्या भाषेत ‘फलाशा’ हे पद दोषवाचक आहे, त्या भाषेत ‘आशावाद’ हे पद गुणवाचक ठरावे, यातील ताण ध्यानी घेण्याजोगा आहे.

तात्पर्य, मराठी समीक्षेत एखाद्या कवीस ‘आशावादी’ म्हणताना नेमके काय म्हणावयाचे असते, हे तपासणे अगत्याचे आहे. जगाचा हिशेब चुकता झाला आहे असे त्याचे मत आहे, की हिशेब अपुरा असूनही तो उद्याकडे पाहतो आहे? पहिला ‘ओप्टिमिस्ट’, दुसरा आशा बाळगणारा. एकाला लिस्बन खोटे पाडू शकते. दुसऱ्याला ते दुःख देते, पण लिस्बन पुन्हा बांधावयास लागतो तो हाच दुसरा.