टीएनएफ आणि आमवातातील सांधेदाह

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच टीएनएफ, हे रोगप्रतिकारक पेशींनी स्रवलेले संदेशवाहक प्रथिन (सायटोकाइन) होय. आमवातात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, ते जाड होते आणि कूर्चा व हाड पोखरू लागते. या दाहात टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 अशी अनेक प्रथिने आढळतात. म्हणूनच एकच प्रथिन रोखून काय साधणार, हा आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर लंडनमधील संशोधनातून मिळाले. रुग्णांच्या सांध्यांतील पेशींच्या संवर्धनात टीएनएफ निष्प्रभ करताच इंटरल्यूकिन-1ची निर्मितीही घटते, असे 1989 मध्ये तिथे दिसले. टीएनएफ हे गर्दीतले आणखी एक प्रथिन नसून इतरांना चालना देणारे आहे, हा संशोधक मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांचा निष्कर्ष त्यामुळे पटतो.

प्रयोगशाळेतील पुरावा रुग्णाला लागू पडेलच असे नाही. परंतु 1992 पासूनच्या चाचण्यांत टीएनएफविरोधी प्रतिपिंडाने सूज व वेदना स्पष्टपणे उतरल्या, आणि 1994 च्या तुलनात्मक चाचणीत निष्क्रिय औषधापेक्षा ते सरस ठरले. काही रुग्णांना मात्र पुरेसा गुण येत नाही. यावरून टीएनएफ गौण ठरत नाही. या रोगाच्या वाटा एकाहून अधिक आहेत, एवढेच दिसते. अशा काहींना इंटरल्यूकिन-6 रोखणारे टोसिलिझुमॅब उपयोगी पडते. टीएनएफ क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्यासही मदत करते; त्यामुळे भारतासारख्या देशात या उपचारापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी अनिवार्य मानली पाहिजे.