जपानची कोशू आणि किनवटचा मोह

आज विषय दारूचा आहे, पण ही जाहिरात नाही. इतिहास आहे, शेवटपर्यंत वाचा.

जपानच्या यामानाशी प्रांतात कोशू नावाची गुलाबीसर सालीची द्राक्षं शेकडो वर्षांपासून पिकतात. १८७७ मध्ये तिथल्या लोकांनी वाइनची कंपनी काढली आणि ताकानो व त्सुचिया या दोन तरुणांना ही विद्या शिकायला थेट फ्रान्सला धाडलं. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनं कोशूची नोंद घेतली. ही पांढरी वाइन हलकी, जराशी आंबट. लाल वाइननं माशाचा वास उग्र होतो; कोशू मात्र कच्चा मासा, टेम्पुरा, मीठ लावून भाजलेला मासा यांच्याशी छान जुळते. थोडक्यात, तिथल्या जेवणाला तिथलंच पेय.

त्याच काळात आपल्याकडं काय चाललं होतं? १८७८ मध्ये इंग्रजांनी मुंबई अबकारी कायदा आणला. गावठी भट्ट्या बंद, दारू ठेकेदाराच्या हाती. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरसुद्धा बंधनं आली. आपलं नांदेड-लातूर निजामाकडं होतं. तिथंही अबकारी म्हणजे तिजोरीची मोठी कमाई. स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर निर्बंध राहिलेच.

म्हणजे जपाननं आपल्या फळासाठी माणसं शिकायला पाठवली, आणि आपल्या फुलामागं शिपाई लागला.

पुढं २००१ मध्ये महाराष्ट्रानं वाइन धोरण आणलं. नाशिकच्या द्राक्षाला मान मिळाला, चांगलंच झालं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण किनवट-माहूरच्या जंगलात भल्या पहाटे मोह वेचणाऱ्या आदिवासी बाईच्या पदरात काय पडलं?

गावोगाव ‘आडवी बाटली’साठी मतदान करणाऱ्या बायाबापड्यांचं दुःख खरं आहे. दारूनं संसार उद्ध्वस्त होतात, हे बातमीदार म्हणून मी रोज बघतो. म्हणून भट्ट्या मोकळ्या सोडा असं माझं म्हणणं नाही. पण मोह म्हणजे फक्त दारू नाही. वाळवलेल्या फुलांचे लाडू होतात, भाकरीत फुलं घालतात, बियांचं तेल निघतं. फुलाला रास्त भाव, साठवणुकीला गोदाम आणि प्रक्रिया शिकायला आपल्याच पोरापोरींना संधी, एवढं तरी मागायला काय हरकत आहे?

तुमच्याकडं मोहाचं काय काय करतात? कमेंटमध्ये जरूर लिहा.