शासकीय नियंत्रण आणि विडी उद्योगातील श्रमसंबंध : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

वैनगंगेच्या काठावरील कारधा ज्या भंडारा जिल्ह्यात मोडते, तेथे धानशेतीला विडी उद्योगाची जोड दीर्घकाळ राहिली. शासकीय नियंत्रणाने या उद्योगातील मालक-कामगार संबंधांना कसे वळण दिले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

भंडारा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात असताना १९४८ मध्ये एक कायदा झाला. शेतीच्या हंगामात अधिसूचित गावांत विडी वळण्यास मनाई करण्याचा अधिकार त्याने प्रशासनास दिला. येथे हेतू शेतीस मजूर पुरविण्याचा होता. मजुराच्या निवडीस स्थान नव्हते. सागर जिल्ह्यातून उद्भवलेल्या चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरविला.

दुसरे नियंत्रण १९४८ च्याच कारखाने अधिनियमाचे. त्याचे संरक्षण कारखान्याच्या आवारापुरते होते. सट्टेदारामार्फत पाने व तंबाखू घरोघरी पोहोचवून विड्या वळून घेतल्या, की मालकाची जबाबदारी टळत असे. सट्टेदार व त्यांचे मजूर कारखान्याचे कामगार नव्हेत, असा निर्णय १९५८ मध्ये झाला. डिसेंबर १९६० मध्ये मात्र, नागपूरच्या कारखान्यात बसून उक्त्या दराने विड्या वळणाऱ्यांना न्यायालयाने कामगार मानले. काम एकच, हक्क मात्र कामाच्या जागेवरून ठरला.

ही उणीव १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने दूर केली. घरखेपी कामगार, बहुतांशी स्त्रिया, कायद्याच्या कक्षेत आल्या. ठेकेदारामागील मूळ मालक उत्तरदायी ठरला. 'छाट' म्हणून विड्या नाकारण्यावर महाराष्ट्राच्या नियमांनी साधारणतः ५ टक्क्यांची मर्यादा घातली. मालकांचे आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये फेटाळले. १९७६ च्या कल्याण निधीस विड्यांवरील उपकराचा आधार मिळाला. तो उपकर २०१७ मध्ये रद्द झाला. १९६६ चा अधिनियमही २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत विलीन झाला व ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

सारांश, शासनाने 'कामगार' या संज्ञेची जी सीमा आखली, तिच्याबाहेर काम सरकविण्याकडे उद्योगाचा कल राहिला. म्हणून कायद्याचे मूल्यमापन त्यातील हक्कांच्या यादीवरून करणे अपुरे ठरेल. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीला आपला मालक कोण हे सिद्ध करता येते काय, हीच त्याची खरी कसोटी होय.