वकीलपत्र : आरोपीच्या बाजूने उभे राहणाऱ्यांची परंपरा

शेषाद्रीपुरमकडून मॅजेस्टिककडे जाताना आपण आनंदराव सर्कल ओलांडतो. बंगळूरला बदलून आल्यावर पहिल्या महिन्यातच मला प्रश्न पडला, की कानडी मुलखाच्या राजधानीतील एका गजबजलेल्या चौकाला लाभलेले हे आनंदराव कोण? चौकशीअंती कळले, की ते तंजावरी मराठी घराण्यातील टी. आनंदराव. १९०९ ते १९१२ या काळात ते म्हैसूर संस्थानचे दिवाण होते आणि त्यांच्यानंतर त्या पदावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. आनंदरावांचे वडील सर टी. माधवराव हे तर त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण. त्यांपैकी बडोद्याची दिवाणगिरी त्यांना १८७५ साली मिळाली. तिला कारण झाला एक खटला, आणि त्या खटल्याने हिंदुस्थानातील वकीलवर्गास एक मोठा धडा घालून दिला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा या चौकापासूनच आरंभ करावा, असे मनात आले.

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर आरोप होता, की त्यांनी ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घालण्याचा प्रयत्न केला. ही घटना नोव्हेंबर १८७४ मधील. चौकशीसाठी सहा सदस्यांचे कमिशन बसले. तीन इंग्रज अधिकारी, आणि त्यांच्या जोडीस ग्वाल्हेरचे महाराज शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बचावासाठी इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित फौजदारी वकील आले. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत हे माफीचे साक्षीदार बनले होते. त्यांच्या व रेसिडेन्सीतील नोकरचाकरांच्या जबान्यांवरच आरोपाची सारी इमारत उभी होती. बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत ती इमारत पायापासून हलविली. परिणामी कमिशन दुभंगले. तिन्ही इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध मानला, तिन्ही देशी सदस्यांनी मानला नाही. सरकारने मग गैरकारभाराचे कारण पुढे करून मल्हाररावांना पदच्युत केले. गादीवर सयाजीराव आले आणि दिवाणगिरीवर माधवराव.

मल्हारराव हे काही आदर्श राजे नव्हते. त्यांच्या कारभाराची तरफदारी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु माणूस वाईट आहे म्हणून त्याच्यावरील प्रत्येक आरोप खरा ठरत नाही, आणि प्रत्यक्ष साम्राज्य सरकारचा साक्षीदारही पिंजऱ्यात उभा राहिला की त्यास प्रश्न विचारता येतो, ही गोष्ट बडोद्याने उभ्या देशाला दाखविली. निकाल सत्तेच्या सोयीने लागला, हे खरे. तथापि प्रश्न विचारण्याची विद्या मागे उरली.

तिची पहिली कसोटी महाराष्ट्रात चारच वर्षांनी लागली. वासुदेव बळवंत फडके यांना जुलै १८७९ मध्ये देवर नावदगी येथे पकडण्यात आले. हे गाव तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या कर्नाटकातील. राजद्रोही बंडखोर म्हणून त्यांना पुण्यास आणले, त्या वेळी पुण्यातील सुशिक्षित समाज भयाने गोठून गेला होता. सरकारचा संशय साऱ्या पुणेकरांवर होता. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सरकारी न्यायाधीशालाही त्याच वर्षी धुळ्यास हलविण्यात आले. अशा काळात फडक्यांचे नाव उच्चारणेही धोक्याचे, मग वकीलपत्र घेणे तर दूरच.

ते घेतले गणेश वासुदेव जोशी यांनी. महाराष्ट्र त्यांना सार्वजनिक काका या नावाने ओळखतो. १८७० साली सार्वजनिक सभेची स्थापना करणारे, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताच्या खादीचा पोशाख करून जाणारे ते हेच काका. सनदशीर मार्गाचे ते पुरस्कर्ते असल्याने सशस्त्र बंडाशी त्यांचे मत जुळणे शक्यच नव्हते. त्यांच्या जोडीस होते महादेव चिमणाजी आपटे. पुढे १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम संस्था स्थापन करून संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाची अपूर्व सोय करणारे ते हेच आपटे. फडक्यांच्या हातची रोजनिशी सरकारच्या हाती पडली होती, तेव्हा सुटकेची आशा जवळजवळ नव्हती. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात फडक्यांचा अंत झाला. काका तर १८८० सालीच निवर्तले. या खटल्यात ना यश होते, ना द्रव्य. तरीही आरोपी एकटा नव्हता, एवढी नोंद इतिहासात राहिली. ती नोंद या दोघांनी स्वतःच्या सुरक्षिततेची किंमत देऊन लिहिली आहे.

यानंतरचे पर्व लोकमान्य टिळकांचे. लोकमान्य स्वतः १८७९ चे एल्‌एल. बी. त्यांनी सनद घेऊन वकिली केली नाही, परंतु पुण्यात कायद्याचे वर्ग चालविले. १८९७ साली केसरीतील लिखाणाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला आणि बचावासाठी कलकत्त्याहून पग नावाचे बॅरिस्टर आले. त्यांच्या खर्चासाठी बंगालमध्ये वर्गणी जमली, ही गोष्ट परप्रांतात राहणाऱ्या आपणांस विशेष लक्षात ठेवण्याजोगी. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले, की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला, तर निरपराध उरणार तरी कोण? ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची झाली.

१९०८ चा खटला याहून गंभीर. १३ जुलैला सुनावणी सुरू झाली आणि २२ जुलैच्या रात्री निकाल लागला. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दिनशा दावर. १८९७ साली याच दावरांनी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. काळाचा महिमा असा, की आता त्यांनीच जामीन नाकारला. जामिनासाठी उभे राहिले होते बॅरिस्टर जीना. खटल्याचा बचाव मात्र लोकमान्यांनी स्वतः केला. जोसेफ बॅप्टिस्टा, दादासाहेब करंदीकर, दादासाहेब खापर्डे, नरसिंह चिंतामण केळकर अशी कायदेपंडित मंडळी साहाय्यास होती. भाषण एकवीस तासांहून अधिक चालले.

त्या भाषणातील एक मुद्दा मला दूरदेशी राहणारा मराठी माणूस म्हणून फार जवळचा वाटतो. लेख मराठीत होते, ज्यूरीतील बहुतेकांना मराठीचा गंधही नव्हता. त्यांच्यापुढे होते ते सरकारी भाषांतर. लोकमान्यांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन दाखवून दिले, की मराठी शब्दाला इंग्रजीत जो प्रतिशब्द दिला आहे त्यात मुळात नसलेला दाहकपणा आला आहे. त्यांचे म्हणणे साधे होते : माझ्या शब्दांचा अर्थ माझ्या वाचकाला जसा समजतो तसा घ्या, कोशात पाहून घेऊ नका. सात युरोपियनांनी दोषी म्हटले आणि दोन पारशी सदस्यांनी निर्दोष. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निकालानंतर लोकमान्यांनी काढलेले, मानवी न्यायाहून श्रेष्ठ अशा शक्तीचा हवाला देणारे उद्गार आज मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच दालनात संगमरवरावर कोरलेले आहेत. मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, हीही त्या निकालाची एक समीक्षाच.

या मालिकेचा तिसरा अंक १९१६ चा, आणि त्याचा संबंध पुन्हा आजच्या कर्नाटकाशी. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली. तिचे अध्यक्ष झाले वर उल्लेखिलेले काका बॅप्टिस्टा, जे पुढे १९२५ साली मुंबईचे महापौरही झाले. बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल लोकमान्यांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. हायकोर्टात जीना उभे राहिले. भाषण समग्र वाचावे, तुकडे तोडून वाचू नये, या भूमिकेवर त्यांनी भर दिला. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. जो मुद्दा १९०८ साली हरला, तो आठ वर्षांनी जिंकला. वकिलीत पराभव वाया जात नाही, हे याहून स्पष्ट कोठे दिसावे?

तथापि या परंपरेची खरी उंची समजण्यासाठी टिळकपक्षाच्या बाहेर पाहिले पाहिजे. १९२५ साली ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले. दिनकरराव जवळकर त्याचे लेखक, केशवराव जेधे प्रकाशक. त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांच्यावरच जळजळीत टीका होती. बदनामीचा खटला होऊन खालच्या कोर्टात शिक्षा झाली. पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील चालविले १९२३ पासून मुंबईत वकिली करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, आणि १९२६ साली आरोपी सुटले. लेखणीच्या ज्या स्वातंत्र्यासाठी टिळकांनी तुरुंग पत्करला, तेच स्वातंत्र्य टिळकांच्या टीकाकारांच्या उपयोगी पडले. कोणाला हा विरोधाभास वाटेल. मला तो न्यायाचा स्वभाव वाटतो.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या कर्व्यांच्या शेजारी बसणेही प्रतिष्ठितांना त्या वेळी नको होते. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. महाडच्या चवदार तळ्याचा दावा दिवाणी स्वरूपाचा, आणि त्यात तर बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झालेल्या या दाव्याचा अंतिम निकाल हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी लागला. तळ्यावरचा पाण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. ओंजळभर पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे कज्जा लढावा लागला, हे वाक्य लिहितानाही मान खाली जाते.

स्वातंत्र्यानंतरचे एकच उदाहरण देतो, तेही समोरच्या बाजूचे. १९५९ चा नानावटी खटला आजही घरोघरी ठाऊक आहे. नौदलातील देखण्या अधिकाऱ्याला लोकांची व वृत्तपत्रांची अपार सहानुभूती होती. कार्ल खंडालावाला यांच्यासारखे नामवंत बचावास होते, आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले. सेशन्स जज्जांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे धाडले. तेथे सरकारतर्फे उभे राहिले पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. लोकमताच्या पुराविरुद्ध त्यांनी केवळ पुरावा मांडला, आणि १९६० साली हायकोर्टाने आरोपीस दोषी ठरविले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. हेच चंद्रचूड १९७८ ते १९८५ या काळात देशाचे सरन्यायाधीश होते. तेव्हा मुद्दा केवळ आरोपीला सोडविण्याचा नाही. गर्दी ज्याचे ऐकत नाही त्याचे म्हणणे मांडण्याचा आहे. कधी तो आरोपी असतो, कधी मृत माणूस.

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मी वकील नाही, साधा बी. ए. झालेला केंद्र सरकारचा नोकर. परंतु आमच्या सेवानियमांनुसार खात्यांतर्गत चौकशीत सापडलेल्या कर्मचाऱ्याला आपल्या मदतीसाठी दुसरा कर्मचारी घेता येतो. अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी असताना, एका कनिष्ठ कारकुनावर रोकड कमी आल्याचा ठपका आला. कचेरीतील एकही माणूस त्याच्या मदतीस येईना. तो माझ्याकडे आला. साहेबांची मर्जी, माझी बढती, घरच्या जबाबदाऱ्या, सारे डोळ्यांपुढे आले. होकार द्यायला मी तीन दिवस घेतले, याची मला आजही लाज वाटते. चौकशीत मी फारसे काही केले नाही. पेटीची दुसरी किल्ली कोणाकडे असे, एवढे प्रत्येक साक्षीदाराला विचारले. प्रत्येकाने निराळे नाव सांगितले. आरोप पूर्णपणे पुसला गेला नाही, हलगर्जीपणाचा भाग राहिलाच. परंतु नोकरी वाचली, एका वेतनवाढीवर निभावले. जाताना तो म्हणाला, “साहेब, निकाल काहीही लागला असता तरी चाललं असतं. माझ्या बाजूनं कुणीतरी बोललं.” सार्वजनिक काकांनी फडक्यांसाठी काय केले, ते मला ग्रंथांतून कळले नव्हते इतके त्या वाक्यातून कळले.

ज्या १२४ अ कलमाखाली लोकमान्यांना शिक्षा झाली, त्याची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ज्यूरीची पद्धत तर केव्हाच गेली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. कलमे बदलतात, न्यायालयांच्या इमारती जुन्या होतात. आरोपीच्या पिंजऱ्याशेजारी उभे राहणाऱ्या माणसाची गरज तेवढी बदलत नाही.

आपल्या मंडळातील अनेक मुले आज येथील विधी महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणी नामांकित वकील होईल, बंगला बांधील, मोटार घेईल. त्याचा आपणां सर्वांस आनंदच होईल. परंतु एखाद्या दिवशी, ज्याच्यासाठी कोणी पुढे येत नाही असा पक्षकार त्यांच्या दारात उभा राहिला, तर त्यांनी तीन दिवस घेऊ नयेत, एवढीच या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रार्थना.