साकळणे

यवतमाळ म्हटले की डोळ्यांपुढे माळरान येते. पण जुन्या गॅझेटिअरने या नावाची फोड वेगळी केली आहे. त्यातला ‘माळ’ म्हणजे मुळात ‘महाल’, महसुलाचा विभाग. ‘ऐन-इ-अकबरी’त या परगण्याची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आहे. लोहारा अजून शहराच्या कडेला आहे. नाव एक दाखवते, मूळ निराळेच असते. गावाच्या नावात त्याने कुणाचे बिघडत नाही, आजाराच्या नावात मात्र बिघडू शकते.

‘ऑटोइम्यून’ घ्या. ‘ऑटो’ ग्रीक, म्हणजे स्वतः. ‘इम्यून’च्या मुळाशी लॅटिन ‘इम्यूनिस’, म्हणजे करातून किंवा सेवेतून सूट मिळालेला. शरीराची संरक्षक फौज स्वकीयांना हात लावत नाही, ही ती सूट. ऑटोइम्यून आजारांत नेमकी तीच संपते. आपल्याकडचा ‘स्वयंप्रतिकार’ हा शब्द तर ऐकताना गुणच वाटतो.

अशाच एका आजाराचे नाव ‘ल्यूपस’, म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लचका तोडल्यासारखे दिसत, म्हणून हे नाव. 1952 मध्ये ल्यूपसच्या दोन रुग्णांत रक्त गोठू न देणारा घटक आढळला आणि त्या दोघांना रक्तस्रावही होत होता. 1963 मध्ये मात्र असा घटक असलेल्या काही रुग्णांत उलट गुठळ्याच दिसल्या. तरीही 1972 मध्ये नाव पडले ‘ल्यूपस अँटिकोआग्युलंट’, गोठण्याला विरोध करणारा. ते परीक्षानळीपुरते खरे आहे. हा घटक म्हणजे प्रतिद्रव्ये. नळीत ती रक्त गोठायला लागणाऱ्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाला चिकटतात आणि गोठायला वेळ लागतो. अंगात मात्र त्यांच्यामुळे पायाच्या शिरेत, मेंदूत गुठळी होऊ शकते, वारंवार गर्भपात होऊ शकतो. 1983 मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी ही लक्षणे एका आजारात गुंफली. तो अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. तो असलेल्या अनेकांना ल्यूपस नसतोच. म्हणजे ‘ल्यूपस अँटिकोआग्युलंट’ या नावातले दोन्ही शब्द चकवणारे.

हे नाव लिहिलेला रिपोर्ट हाती आलेल्या बाईने ‘माझे रक्त गोठतच नाही’ असे समजून रक्त पातळ करायची गोळी बंद केली, तर? ‘पातळ’ हा शब्दही फसवाच. त्या गोळीने रक्त पाण्यासारखे होत नाही, गुठळी धरायला त्याला वेळ लागतो, इतकेच.

गुठळी धरण्याला आपल्याकडे नेमके क्रियापद आहे: साकळणे. मुका मार लागला की ‘रक्त साकळलं’ म्हणतात. त्यात मला संस्कृत ‘संकलन’ ऐकू येते, एका जागी गोळा होणे. ‘गोठणे’ म्हटले की थंडी आठवते. ‘साकळणे’ म्हटले की जागा दिसते, साचणे दिसते.

‘ताई, तुमचं रक्त नळीत उशिरा साकळतं, पण अंगात नको तिथं साकळतं. म्हणून ही गोळी सोडायची नाही.’ यवतमाळच्या दवाखान्यात कुणी एवढे सांगितले, तर रिपोर्टवरचे नाव तिला चकवणार नाही.