भिंतीवरचे चित्र आणि कपाटातला आधार

हिरकणीवाडी रायगडाच्या पायथ्याशी आहे. 1996 पासून गडावर जाणाऱ्या रोपवेचे खालचे स्थानक इथलेच. वर हिरकणी गवळणीच्या नावाचा बुरूज, खाली तिच्याच नावाची वाडी आणि मध्ये उभा कडा. ज्या मुलाला मान वर केली की गड दिसतो, त्याच्या शाळेच्या ग्रंथालयात गडाची चित्रे कशाला लावायची, असे कोणी विचारील. लावायची, पण शोभेसाठी नव्हे. ग्रंथालय म्हणजे बहुतेक शाळांत एक कपाट आणि त्याच्या शेजारची भिंत. कपाट कुलूपबंद असू शकते, भिंत कायम उघडी असते. मूल वाचायला शिकण्याआधी भिंत पाहायला शिकते आणि तिथे जे दिसते ते खरे धरून चालते. म्हणून माझे म्हणणे असे, की ग्रंथालयाच्या भिंतीवर लावलेल्या प्रत्येक चित्राचा आधार त्याच खोलीतल्या कपाटात सापडला पाहिजे.

हे म्हणणे अतिरेकी वाटत असेल तर शिवाजी महाराजांच्याच चित्राचा इतिहास पाहावा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली आणि देवदेवतांच्या जोडीने मराठेशाहीतल्या पुरुषांची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या घरात येऊ लागली. छापील चित्राची ताकद त्या काळाने ओळखली. त्याचा धोका कळायला मात्र वेळ लागला. इब्राहिमखान नावाच्या भलत्याच सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते आणि लोक त्याला मनोभावे हात जोडत होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांच्या आधारे महाराजांचे खरे चित्र 1933 मध्ये पुढे आणले तेव्हा ही चूक उघड झाली. पुढे 1970 मध्ये कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी काढलेल्या चित्राला राज्य शासनाची मान्यता मिळाली. हात जोडणाऱ्यांच्या श्रद्धेत खोट नव्हती. चित्राखाली ते कुठून आले हे लिहिलेले नव्हते, एवढीच उणीव होती, आणि ती भरून काढायला एका संशोधकाची चिकाटी खर्ची पडली.

शासकीय योजनांनी भिंतीकडे लक्ष दिले, नाही असे नाही. 1987 च्या खडू-फळा मोहिमेने नकाशे, तक्ते आणि पुस्तके खेड्यातल्या शाळांपर्यंत नेली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे ठरवले. ‘बोलक्या भिंती’ हा तर आता प्रत्येक शिक्षकाच्या तोंडचा शब्द आहे. परंतु तक्ता एका यादीतून आला आणि पुस्तक दुसरीतून. दोघांची गाठ घालून देणे शिक्षकाच्या हौसेवर राहिले.

ही गाठ कशी पडते हे राज्याभिषेकाच्या चित्रावरून दाखवता येते. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन 1674 च्या जूनमध्ये रायगडावर हजर होता. त्याने लिहून ठेवले आहे, की सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हे होती: मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाचा सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती उभे होते, आणि असल्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले. या नोंदीचे मराठी टिपण चित्राखाली लावावे आणि मुलांना तराजू शोधायला सांगावे. एखाद्या चित्रात तो सापडेल, एखाद्यात चित्रकाराने गाळलेला असेल. ‘का गाळला?’ असे ज्या मुलाने विचारले, ते कपाटापर्यंत आपल्या पायांनी जाईल. हत्तींबद्दलचे ऑक्झिंडेनचे नवल तर हिरकणीवाडीच्या मुलाइतके कोणालाच कळणार नाही. ती चढण त्याच्या रोजच्या नजरेतली आहे.

यावर पहिला आक्षेप हिरकणीवरूनच येईल. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, आणि गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. ही कथा लोकांनी तोंडी जपली आहे. तिच्या चित्राखाली ‘लोककथा’ असे लिहिले तर गावाचा अभिमान दुखावेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मला उलटे वाटते. ऐतिहासिक कागद नसताना पिढ्यान्‌पिढ्या जी कथा टिकली, ती टिकवणाऱ्या आजीपणजींचा मान त्या एका शब्दाने वाढतो. शिवाय त्या चित्राचा आधार कपाटात नसला तरी गावात आहे: वाडीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली कथा मुलांनी वहीत उतरवली, की ते हस्तलिखित त्याच कपाटात ठेवता येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये 24 बालवर्गीय मुलांवर केलेल्या प्रयोगात, चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष जास्त उडाले आणि धडा कमी समजला. हे मान्यच करायला हवे. त्यातून चित्रे काढून टाका असे निघत नाही, थोडी लावा आणि बदलत राहा असे निघते. कोकणातल्या पावसात कागद ओलीने सुटतो म्हणून भिंतीवर ऑइलपेंटने कायमची चित्रे काढायची रीत पडली आहे. पण कायमचे चित्र मुलाला चार दिवसांनी दिसेनासे होते, आणि त्यात चूक असली तर तीही कायमची होते. त्यापेक्षा भिंतीला आडवी दोरी बांधून चिमट्यांनी चित्र अडकवावे. जूनमध्ये राज्याभिषेक, कोजागिरीला हिरकणी, आणि मार्चमध्ये महाडचे चवदार तळे, 20 मार्च 1927 ही तिथल्या सत्याग्रहाची तारीख ठळक घालून. त्याच्याखाली 3 एप्रिल 1927 पासून निघू लागलेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्रातला सत्याग्रहाबद्दलचा मजकूर. तळे वाडीपासून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि तो मजकूर शासनाने पुस्तकरूपात छापलेला आहे.