घोड्याचे चित्र आणि भाषेचे सूर

परकी भाषा कशी शिकावी, हा प्रश्न आता आपल्या घराघरांतून विचारला जातो. मुले परदेशी शिकायला जातात, कुणी व्रतस्थ म्हणून दूरच्या मिशनवर जाते. शब्दकोश, व्याकरण, शिक्षक, ध्वनिफिती, सारे हाताशी असते. यांतले काहीच नसताना भाषा शिकलेल्या माणसांची गोष्ट म्हणूनच आठवावीशी वाटते.

१५७८ साली लिस्बनहून गोव्याला आलेल्या येशूसंघीयांच्या तुकडीत काही इटालियन होते. त्यांतील रुडोल्फ आक्वाव्हिवा अकबराच्या दरबारी गेले व १५८३ साली कुंकळ्ळी येथे हुतात्मा झाले. दुसरे मात्तेओ रिची. तिसरे मिकेले रुज्जेरी. हे तिसरे नाव आपल्या वाचकांच्या फारसे ओळखीचे नाही, आणि भाषाशिक्षणाच्या इतिहासात खरा पहिला मान त्यांचाच आहे.

रुज्जेरी मूळचे कायद्याचे पदवीधर. दक्षिण भारतात ते तमिळ शिकू लागले होते, तोच त्यांना मकावला पाठविण्यात आले. पूर्वेकडील मिशनांचे प्रमुख फादर वालिन्यानो यांची आज्ञा स्पष्ट होती: चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकायचे. १५७९ च्या जुलैमध्ये ते मकावला पोहोचले तेव्हा त्यांचे वय ३६ होते. या वयात नवी लिपी गिरवू लागणे सोपे नाही. आणि ही लिपी तर हजारो चिन्हांची!

अडचणी दोन होत्या. मकावच्या रस्त्यावर कानी पडे ती कँटनची बोली, पण शिकायची होती अधिकाऱ्यांची दरबारी भाषा. (घरी कादोडी किंवा वाडवळी बोलून शाळेत ग्रंथातली मराठी शिकलेल्यांना हे अंतर समजेल.) शिवाय ही दरबारी भाषा जाणणाऱ्या शिक्षकाला पोर्तुगीज धड येत नव्हते. मग शिक्षकाने कुंचला घेतला. घोडा कसा म्हणायचा व कसा लिहायचा हे सांगण्यासाठी तो घोड्याचे चित्र काढी, वर अक्षर लिही आणि उच्चार सांगे: 'मा'. आपल्या बालवाडीतही याहून वेगळे काय चालते? एका विद्वान वकिलाने मात्र त्यासाठी पुन्हा बालक व्हावे लागले. मकावमधील काही सहकारी धर्मगुरूंना हा सारा वेळेचा अपव्यय वाटे. शेवटी वालिन्यानोंना आज्ञा करावी लागली की, रुज्जेरींना इतर कामांतून मोकळे ठेवावे.

१५८२ साली रिची त्यांच्या मदतीला आले व पुढच्याच वर्षी दोघे चीनच्या भूमीवर राहू लागले. तेथे सिद्ध झालेल्या शब्दकोशात सुमारे सहा हजार पोर्तुगीज शब्द आहेत. पहिल्या रकान्यात पोर्तुगीज शब्द, दुसऱ्यात रोमन लिपीत चिनी उच्चार, तिसऱ्यात चिनी अक्षरे. दोघांची मातृभाषा इटालियन, पण कोश पोर्तुगीजचा, कारण मागाहून येणाऱ्यांना तो उपयोगी पडावा.

या कोशात एक मोठी उणीव राहिली. चिनी भाषेत 'मा' एका सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात रागावणे! कोशात हे सूर दाखविलेले नाहीत. ही उणीव भरून निघाली १५९८ साली, तीही नावेत बसून. पेकिंगहून परतताना कालव्यातून होणारा प्रवास रेंगाळला. सोबत फादर कात्तानेओ हे संगीताचे जाणकार होते आणि ब्रदर सेबास्तियन फर्नांडिस होते (आडनाव आपल्या ओळखीचे, पण गृहस्थ चिनी). कात्तानेओंच्या कानाने पाच सूर वेगळे केले, त्यांना खुणा ठरल्या आणि 'प' व 'फ' यांसारख्या ध्वनींतील महाप्राणही टिपला गेला. आपल्याला महाप्राण बाळगुटीबरोबर मिळतो. युरोपीय कानाला तो मुद्दाम पकडावा लागतो.

दरम्यान रिचींनी चिनी विद्वानांचे 'चार ग्रंथ' लॅटिनमध्ये उतरविले. नव्या सहकाऱ्यांना भाषा शिकविण्यासाठी हेच पाठ्यपुस्तक झाले. पुढे शिक्षक ठेवून ते रोज धडे घेत व स्वतः चिनीत लिहिण्याचा सराव करीत. १५९५ साली मैत्रीविषयीचा त्यांचा चिनी ग्रंथ तयार झाला. भाषा शिकायला लागून तेव्हा तेरा वर्षे झाली होती. 'तीस दिवसांत' भाषा शिकविणाऱ्या जाहिराती वाचताना हा आकडा ध्यानी ठेवावा.

आणि रुज्जेरी? १५८४ साली त्यांचे धर्मशिक्षणाचे चिनी पुस्तक छापले गेले होते. १५८८ साली पोपमहोदयांचे शिष्टमंडळ मिळविण्यासाठी त्यांना युरोपला धाडण्यात आले. परंतु १५९० च्या ऑगस्टपासून १५९१ च्या डिसेंबरपर्यंत चार पोप निवर्तले आणि तो बेत बारगळला. रिचींचा अधिक प्रौढ ग्रंथ १६०३ साली आल्यावर रुज्जेरींचे पुस्तक मागे पडले. चीनला परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. १६०७ साली सालेर्नो येथे त्यांनी देह ठेवला. शब्दकोशाचे हस्तलिखित रोममधील येशूसंघाच्या दप्तरखान्यात पडून होते. १९३४ साली फादर देलिया यांच्या हाती ते लागले आणि २००१ साली प्रथमच छापून निघाले.